तगरचं साधं कापड

पहिला जोराचा पाऊस पडून गेला की तेरला या. धाराशिवच्या ईशान्येला, तेरणेच्या काठी. गावाभोवतीच्या पांढरीवरून पाणी ओघळून गेलेलं असतं आणि मातीनं रात्रीतून काहीबाही वर काढून ठेवलेलं असतं: खापराचा काठ, शंखाच्या बांगडीचा तुकडा, मसुराएवढा मणी. खाली वाका. तुमच्या आधी या गावातली कितीतरी पोरं अशीच वाकली आहेत. रामलिंगप्पा लामतुरेही असेच वाकले आणि वर्षानुवर्षं वाकत राहिले. त्यांनी जमवलेल्या वस्तूंतूनच गावातलं सरकारी संग्रहालय उभं राहिलं.

बाजूच्या वाटेनं जाणारा म्हातारा थांबून विचारील, "कुठलं गाव पाव्हणं? काकांच्या दर्शनाला आलाव?"

काका म्हणजे संत गोरोबाकाका. आज तेर ओळखलं जातं ते त्यांच्या नावानं. हो म्हणा, दर्शन घ्यायचंच आहे. पण आधी तो मणी मुठीत धरा आणि पांढरीत उतरा. सावकाश उतरा, कारण ही नुसती माती नाही. एकेका पिढीच्या पडलेल्या भिंती, त्यांच्यावर पुढच्या पिढीनं घातलेलं जोतं, चुलींची राख, फुटके रांजण, यांचे थर आहेत. गुडघ्यापर्यंत गेलात की यादव मागे पडतात. कमरेपर्यंत गेलात की चालुक्य. छातीला माती लागते तेव्हा मुठीतला मणी गार वाटायचा थांबतो, कुणाच्या तरी गळ्यातून नुकताच ओघळल्यासारखा ऊबदार लागतो.

पोचलात हे डोळ्यांच्या आधी कानांना कळतं. ठक, ठक. थोडं थांबून पुन्हा ठक, ठक. बाणा ठोकून बसवल्याचा आवाज. एका घरातला थांबतो तोवर पलीकडच्या घरातला सुरू होतो.

हे तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकाचा मध्य, मार्गशीर्षातली सकाळ. विटांच्या भिंतींवर भाजलेली कौलं आहेत. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांना भोकं पाडून ती खाली जखडली आहेत. गल्लीत शेणामातीचा वास आहे, धुराचा आहे, आणि या दोन्हींत मिसळलेला आंबूस वास आहे तो खळीचा. धान्याच्या पेजेत सूत बुचकळून ताठ करतात, त्याचा. हा वास नाकात बसू द्या. तगरात तुम्ही कुठंही गेलात तरी तो सोबत येणार आहे.

लोक बोलतात ते सगळं कळत नाही, पण परकंही वाटत नाही. 'कप्पास' ऐकू येतं आणि तुमचा कापूस जागा होतो. 'सुत्त' म्हणजे सूत. आतून कुणीतरी तूप मागतं, ते 'तुप्प' म्हणून. घरातली तरुण बाई सासूला 'अत्ता' म्हणून हाक मारते. आपली आत्या याच शब्दातून आली. तिला स्वतःला सगळे 'सुण्हा' म्हणतात, म्हणजे सून. ही महाराष्ट्री प्राकृत. हालाच्या नावानं ओळखली जाणारी गाहा सत्तसई याच भाषेतली, आणि तिच्यात कापसाची शेतं आहेत, त्या शेतांच्या आडोशानं भेटणारी माणसंही आहेत. कापूस वेचून झाला की आडोसा जातो, हे दुःख त्या कवींना पुरतं ठाऊक होतं.

तुम्हाला जेवायला बसवतील. ताटात मिरची शोधू नका, शेंगदाणाही नाही. दोन्ही यायला अजून दीड हजार वर्षं आहेत. तिखटाला मिरी किंवा आलं. वाढणाऱ्या बाईच्या बोटांच्या पेरांवर बारीक काप दिसतील. ते चुलीचे नव्हेत, धाग्याचे आहेत.

आता अंगणात या आणि इथे वेळ काढा, कारण सगळं इथेच घडतं.

कोपऱ्यात एक जण लाकडी पाटावर कापूस पसरून त्यावरून लोखंडी कांडी फिरवतो आहे. सरकी मागे राहते, रुई पुढे सरकते. पलीकडे धनुकलीच्या ताणलेल्या दोरीनं कापूस पिंजणं चाललंय. या भागातल्या काळ्या मातीतला हा कापूस आखूड तंतूंचा आहे. परदेशातून येणारा लांब धाग्याचा कापूस या लोकांनी पाहिलेलाच नाही, आणि त्यांना त्याची गरजही वाटलेली नाही. आखूड तंतूंतून तलम सूत काढायचं असेल तर ते यंत्राला जमत नाही, बोटांनाच जमतं.

ती बोटं भिंतीला टेकून बसलेल्या म्हातारीची आहेत. तिच्याजवळ चरखा नाही. चरख्याचा भारतातला जो अगदी जुना स्पष्ट उल्लेख आपल्याला माहीत आहे, तो इसामीच्या १३५० सालच्या ग्रंथात येतो, आणि तो ग्रंथही या दख्खनमध्येच लिहिला गेला. म्हणजे अजून जवळजवळ तेराशे वर्षं बाकी आहेत. म्हातारीच्या हातात आहे ती चाती: बारीक काडी आणि तिच्या बुडाशी भाजल्या मातीची चकती. काडीचं टोक तिनं खापराच्या वाटीत टेकवलं आहे, म्हणजे चातीचं वजन सुतावर पडत नाही. वजन पडलं तर बारीक सूत तुटतं. उजव्या हाताची बोटं काडीला फिरकी देतात, डावा हात पेळू घेऊन वर वर जातो, आणि दोन्हींच्या मधे हवेतून यावा तसा धागा येतो. हात पुरता लांबला की ती थांबते, धागा काडीवर गुंडाळते, पुन्हा फिरकी. फिरकी नेहमी एकाच बाजूला, उजवीकडे. तिला तसं कुणी सांगितलेलं नाही. तिच्या आईची बोटं तशी फिरत होती, म्हणून तिची फिरतात. ही बाजू लक्षात ठेवा.

उन्हं वर आली की ती आत जाईल. सकाळच्या दमट हवेत सूत मऊ असतं, दुपारच्या कोरड्या हवेत ते पटपट तुटतं. एका मागाचं पोट भरायचं तर अशा कितीतरी म्हाताऱ्या, कितीतरी लेकीसुना लागतात. विणकराचं नाव कुठे कुठे शिलालेखात तरी सापडतं, कातणारीचं सापडत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मात्र तिच्यासाठी एक नियम आहे. सूत द्यायला आणि मजुरी घ्यायला बायका भल्या पहाटे येतील, दिवा असेल तो फक्त सूत पारखण्यापुरता. अधिकाऱ्यानं बाईच्या तोंडाकडे पाहिलं किंवा कामाखेरीज दुसरं काही बोलला तर त्याला दंड. हा नियम वाचला की मला पहाटेचा काळोख दिसतो, पुढे केलेला हात दिसतो, आणि हा नियम करावा लागला म्हणजे त्याआधी काय काय घडलं असेल तेही दिसतं.

गल्लीत ताणा लावला आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत खुंट्या, त्यांच्यावरून शेकडो धागे, आणि दोन्ही बाजूंनी माणसं खळ लावत, धागे विंचरत चाललेली. मधे पाऊल टाकू नका. एक धागा तुटला तर तो शोधून सांधण्यात अर्धा प्रहर जातो. एक पोरगं वाकून ताण्याखालून पलीकडे जातं, एकाही धाग्याला न शिवता. हे त्याला चालायला शिकतानाच आलं असावं.

घरात काळोख आहे आणि ओल आहे. दोन्ही मुद्दाम राखलेली. विणकर तुमच्याकडे बघत नाही. त्याची नजर काठावर आहे, कारण कापड बिघडतं ते काठाशी. त्याच्या मागावर जे उतरतंय ते राजाच्या अंगावर जाणारं नाही. जाड आहे, सरळ आहे, दोन्ही हातांनी ओढलं तर कुरकुरत नाही. नेसायला, पांघरायला, धान्य बांधायला, मेलेल्याला गुंडाळायला. शेजारच्या घरात तलम निघतं, त्याची घडी बाजूला पानात बांधून ठेवतात. त्याच्याही पलीकडे तिसरा एक प्रकार आहे. त्याला परदेशी व्यापारी जास्वंद-भेंडीच्या कुळातल्या एका झाडाचं नाव देतात. ते कापड त्या झाडाच्या फुलाच्या रंगाचं, की तसल्या झाडाच्या धाग्याचं, यावर विद्वानांचं आजही जमलेलं नाही. मी एवढंच म्हणेन, की मराठवाड्यातली अंबाडी याच कुळातली आणि खुद्द कापूससुद्धा याच कुळातला.

या माणसांना कुणी दीनवाणं समजू नये. गोवर्धनचे, म्हणजे आजच्या नाशिकजवळचे, विणकर या काळात काय होते ते पांडवलेण्यातल्या भिंतीवर कोरलेलं आहे. क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात यानं लेणं दान केलं आणि तिथे वर्षावासाला राहणाऱ्या भिक्खूंच्या खर्चासाठी ३००० कार्षापण ठेवले. ठेवले कुठे? विणकरांच्या श्रेणींत. 'कोलिक निकाय' असा शब्द आहे. एका श्रेणीकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजानं. दुसऱ्या श्रेणीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत मागायची नाही, फक्त व्याज घ्यायचं, असंही लिहून ठेवलं आहे. हिशेब करून पाहा. दोन हजारांवर वर्षाचं व्याज २४०, भिक्खू २०, प्रत्येकाला चीवरासाठी १२ कार्षापण. एक नाणंही इकडचं तिकडे नाही. राजाच्या जावयाला आपला पैसा पिढ्यान्‌पिढ्या सुरक्षित राहील असं ज्यांच्याकडे पाहून वाटलं, ते लोक माग चालवत होते.

दुपारी गाड्या भरतात. तागे रचून त्यांच्यावर त्याच जाड कापडाचं वेष्टण. दोर आवळताना गाडीवान म्हणतो ते शब्द तुम्हाला कळत नाहीत, पण चेहरा कळतो. कुठल्याही लांबच्या वाटेला निघालेल्या माणसाचा चेहरा. वाट आहे भरुकच्छची, म्हणजे भडोचची. इथून पैठण दहा दिवस, पैठणहून भरुकच्छ आणखी वीस. मधे मोठमोठे टापू असे आहेत की जिथे रस्ताच नाही.

तुम्ही विचाराल, समुद्र गाठायचा तर कल्याण जवळ नाही का? आहे. पण कल्याणचं बंदर सध्या अडवलेलं आहे. सातवाहन आणि क्षहरात यांच्या झगड्यात तिथे चुकून शिरलेलं ग्रीक जहाजसुद्धा पहाऱ्यात भरुकच्छला नेलं जातं. राजे कुठल्या बंदरासाठी भांडले ते इतिहासाच्या पुस्तकात येतं. त्या भांडणापायी तगरच्या बैलांना किती जास्तीचे कोस पडले ते येत नाही.

चला गाडीबरोबर. तीस दिवस. धूळ, रानं, नद्यांचे उतार, रात्री जनावरांभोवती पेटवलेले जाळ. हे दिवस मी झपाट्यानं सांगतो, पण गाडीवानाला ते झपाट्यानं जात नाहीत.

भरुकच्छला नर्मदेच्या मुखाशी उभे राहा आणि भरतीची वाट पाहा. आधी लांबून गर्जना येते, सैन्य चालून यावं तशी, मग पाणी भिंतीसारखं आत घुसतं. मुखाशी उथळ आहे, खडक आहेत. परकी जहाजं इथे फुटतात. म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी आपल्या नावा घेऊन सौराष्ट्रापर्यंत सामोरे जातात आणि जहाजांना ओढत, भरती-ओहोटीचं गणित सांभाळत, बंदरात आणतात. धक्क्यावर इटलीचं मद्य उतरतंय, तांबं, कथील, शिसं, पोवळी, काच. राजासाठी वेगळं: चांदीची भांडी, गाणारी मुलं, देखण्या मुली. त्या मुलींकडे बघत थांबावंसं वाटत नाही, आणि पुढे निघून जावंसंही वाटत नाही.

गर्दीत एक माणूस आहे. इजिप्तमधला, ग्रीक बोलणारा. त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. तो प्रत्येक बंदराला काय मिळतं, काय खपतं, कुठे खडक आहेत, कुठे पाणी आहे ते लिहून ठेवतो आहे. हीच वही पुढे 'एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस' म्हणून ओळखली जाणार. तिची दहाव्या शतकातली हस्तलिखित प्रत आज जर्मनीत हायडेलबर्गला आहे. त्याच्या खांद्यावरून डोकावून पाहा. पैठणहून: गोमेदासारखे दगड, पुष्कळ. आणि तगरहून?

तगरहून पहिली नोंद तलम कापडाची नाही. पहिलं लिहिलंय ते साधं कापड. ग्रीक शब्द 'खुदाइऑन', ओतल्यासारखं, ढिगानं मिळणारं, सामान्य. त्याच्यानंतर तलम, त्याच्यानंतर ते जास्वंदी कुळातलं. व्यापाऱ्याला शब्दांचं कौतुक नसतं, त्यानं फक्त ढिगाचा आकार पाहिला. पण मला तो शब्द वाचताना काळोख्या घरातल्या त्या विणकराचे हात दिसतात. काठाशी न बिघडलेलं, ओढल्यावर न कुरकुरणारं कापड. अरियाके या भारतातल्या किनारी प्रदेशाहून आणि भरुकच्छहून भरलेलं सुती कापड आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या आदुलिसला उतरतं, त्याच्या पुढच्या बंदरांतही खपतं, असं हाच माणूस आणखी काही पानांवर लिहितो. ज्यांची भाषा तगरात कुणी कधी ऐकली नाही, त्या माणसांनी ते कमरेला गुंडाळलं, त्यात लेकरं बांधली.

आता परत वर यायला लागा, आणि वर येताना थरांकडे नजर असू द्या. रोमन घडणीचा मातीचा दिवा. रोमन नाण्यांची मातीत केलेली नक्कल, भोक पाडून गळ्यात घालायला. दोन साच्यांत काढलेल्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती. हस्तिदंताची एक छोटी स्त्री. तिच्याच घडणीची दुसरी १९३८ साली पाँपेईत सापडली, म्हणजे ती ७९ सालच्या ज्वालामुखीच्या आधी तिथे पोचली होती. मणी, बांगड्या, फण्या, शिशाची नाणी.

कापड नाही.

नीट पाहा, एक चिंधीसुद्धा नाही. दरवर्षीचा पावसाळा, वाळवी, ओली काळी माती. ज्या वस्तूनं या गावाचं नाव समुद्रापार नेलं, तीच तेवढी गावाच्या मातीत उरलेली नाही. हे मला दर वेळी बोचतं. मातीच्या मूर्तीला जपलं ते मातीनं, दगडाला दगडपणानं. विणकराच्या घरात राहिल्या त्या फार तर चातीच्या चकत्या.

तिसऱ्या शतकाच्या आसपास रोमचा व्यापार आटतो आणि गाड्या विरळ होतात. पुढचे थर पातळ आहेत. विटांचा एक चैत्य उभा राहतो, मागून गोल, पुढे त्यातच त्रिविक्रमाची मूर्ती येते आणि बुद्धाचं ठिकाण विष्णूचं देऊळ होतं. ते आजही उभं आहे, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या उभ्या वास्तूंत त्याची गणना होते. कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवतात. शहर राहिलं नव्हतं, पण नावात अजून इतकी पुण्याई होती.

त्यानंतर पायांनी चिखल तुडवल्याचा आवाज. गोरोबाकाका. डोळे मिटलेले, ओठांवर नाम. पुढे काय होणार आहे हे मराठी घरात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही, म्हणून मीही सांगत नाही. एवढंच मनात येतं, की त्यांच्या पायाखालच्या मातीत तगरच्या विटांचीही भुकटी असणार.

१९०१. हे निजामाच्या राज्यातलं एक गाव आहे आणि इथे तगर होतं हे कुणाच्या लक्षात नाही. विद्वान तगर शोधतायत दौलताबादला, जुन्नरला, धारूरला. त्या वर्षी पुरालेखतज्ज्ञ फ्लीट लेख लिहून सांगतो: तगर म्हणजे तेर. अंतर जुळतं, दिशा जुळते. आणि नाव तर मराठी कानाला आधीच कळायला हवं होतं. प्राकृतात दोन स्वरांमधला ग झिजतो. नगरचं नयर झालं, नयरचं नेर, म्हणून आपल्याकडे पारनेर, जामनेर, संगमनेर. तसंच तगर, तयर, तेर. लोक रोज ते नाव उच्चारत होते.

आलात वर. हातातला मणी संग्रहालयात देऊन टाका, तो तुमचा नाही. मग समाधीचं दर्शन घ्या, नदीकाठी बसा. आणि एवढं आलाच आहात तर आणखी एका ठिकाणी या, ते इथून फार लांब आहे.

इजिप्त, लाल समुद्राचा काठ, बेरेनिके. पेरिप्लसवाल्याच्या काळात भारताकडे जाणारी जहाजं इथून निघत. आता नुसती वाळू. इथे पाऊस जवळजवळ पडतच नाही, त्यामुळे जे तेरच्या मातीनं खाऊन टाकलं ते या वाळूनं जपलं. १९९४ पासूनच्या उत्खननात इथे भारतीय रांजणात साडेसात किलो मिरी निघाली, सागवान निघालं, सुती शिडांचे तुकडे निघाले, आणि कचऱ्याच्या उकिरड्यांतून सुती कापडाच्या चिंध्या. काहींवर निळ्या रंगात उठवलेली नक्षी, बाकीच्या साध्या. यातली एखादी तेरची आहे असं कुणी म्हणत नाही, मलाही म्हणता येणार नाही. पण भारतातून आलेलं कापड वेगळं कसं ओळखलं, ते विचारा. इजिप्तच्या परंपरेत सूत डावीकडे पिळलं जायचं.

भिंगाखाली धरलेल्या त्या मळक्या चिंधीवर वाका, पांढरीवर वाकला होतात तसे. जाड, सरळ, काठ न बिघडलेलं. धागे उजवीकडे वळलेले आहेत.